डेल्कोच्या झाकणाखाली

माझ्या 1964च्या फियाट 1100 डिलाईटला त्या काळच्या रॅलीच्या गाडीचं रूप द्यायचं काम सावकाश चाललं आहे. पुढचे जादा दिवे बसले, डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा आला. उरला डेल्को. ठिणगीचा करंट प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला गॅरेजमध्ये सगळे डेल्कोच म्हणतात. नेदरलँड्समधली एक कंपनी असे डेल्को बनवते की बाहेरून पाहावं तर साठ वर्षांपूर्वीचा माल. आत मात्र ठिणगीसाठी करंट तोडणारे सीबी पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही. सेन्सर आणि चिप. टायमिंग कधी किती पुढे सरकवायचं आणि इंजिनला किती फेऱ्यांवर आवरायचं, हे खिशातल्या फोनवरून ठरवता येतं. तो मागवायचं मी ठरवलंय, आणि तेव्हापासून मनाला एक टोचणी आहे. ती नेमकी कशाची, ते उलगडून पाहतोय.

कारणं तयार आहेत आणि ती खोटी नाहीत. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. कॅमवर घासणारी टाच झिजली की फट मिटत जाते आणि टायमिंग आपोआप हलतं. पेणच्या पावसाळ्यात झाकणाच्या आत ओल धरते, सकाळी गाडी मिस मारते. आज बाजारात मिळणारे पॉइंट-कंडेन्सर पूर्वीच्या दर्जाचे नाहीत. सगळं खरं. पण ही सगळी कारणं आतल्या चिपची झाली. एखादा साधा इलेक्ट्रॉनिक डबा बॉनेटखाली उघड्यावर बसवला असता तरी हेच काम झालं असतं, तेही स्वस्तात. वरचे पैसे मी मोजतोय ते कुणाला काही दिसू नये म्हणून.

रॅलीवाल्यांची ढाल पुढे करून पाहिली. डिसेंबर 1968च्या सुरुवातीला लंडन-सिडनी मॅरेथॉन या रॅलीच्या गाड्या मुंबईत पोचल्या, तेव्हा लोटस कॉर्टिनात बसलेला रॉजर क्लार्क सगळ्यांत पुढे होता. इथून गाड्या बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेल्या. तिथे त्याच्या इंजिननं दगा दिला, तेव्हा त्यानं आपल्याच संघातल्या दुसऱ्या गाडीचं सिलिंडर हेड काढून स्वतःच्या गाडीला लावलं. या माणसांना जुन्या-नव्याचं सोवळं नव्हतं. जे चालेल ते लावायचं. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं तेही त्यांनी घेतलं. मग मी घेतलं तर काय बिघडलं? एवढंच, की त्यांनी ते लपवलं नाही. उलट बनवणाऱ्याचं स्टिकर दारावर मिरवलं.

फेऱ्यांच्या मर्यादेची गोष्ट याहून अवघड जागची. लोटसच्या त्या इंजिनात 6,500 फेऱ्यांवर आवरणारा रोटर कारखान्यातूनच यायचा. रोटरवर स्प्रिंगनं धरलेलं एक छोटं वजन. डेल्को इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरतो. ठरलेल्या वेगाला वजन बाहेर फेकलं जातं, करंट प्लगकडे न जाता अर्थ होतो, इंजिन अडखळतं, वेग उतरला की स्प्रिंग वजन परत ओढून घेते. ना तार, ना चिप. मला ही युक्ती फार आवडते, म्हणून तोच परिणाम मी फोनवर 5,500ला लावणार आहे. त्या वेगाला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे 183 ठिणग्या पडतात. आता प्रामाणिकपणे विचारावं, तर वडखळ, नागोठणे, कोलाड करत रोह्याला जाताना हा वेग मी कुठे गाठणार आहे? मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणानं मलाच वर्षानुवर्षं मर्यादेत ठेवलंय. शिवाय सुकेळी खिंड उतरताना घाईत चुकीचा खालचा गिअर पडला, तर चाकंच इंजिनला फिरवतात. ठिणगी तोडून तिथे काहीच वाचत नाही. गिअर नीट न पडता पाय ॲक्सिलरेटरवर राहिला, तेवढ्यापुरता उपयोग. म्हणजे मला मर्यादा नकोच आहे. माझ्याकडे ती आहे, हे चार लोकांना सांगायला हवं आहे.

रोह्याचे माझे मिस्त्रीकाका फीलर गेज न लावता, नुसत्या कानावर टायमिंग बसवतात. त्यांच्यापाशी मी विषय काढला, तो खरं तर त्यांनी नको म्हणावं या आशेनं. ते म्हणाले, "लावा की दादा. रात्री सुकेळीत उभे राहिलात तर फोन मलाच येणार." त्यांना त्यांच्या विद्येचं कौतुक माझ्याइतकं नाही. मला मात्र आहे, आणि गोम तिथेच आहे. प्रदर्शनात कुणी बॉनेटखाली वाकून "पॉइंटवर चालते अजून? कमाल आहे!" म्हणालं, की ती शाबासकी काकांच्या कानाची असते. ती मला हवी आहे, ते कसब नसताना आणि आता त्याची गरजही नसताना.

आमच्या पेणमध्ये या प्रश्नाला वेगळंच वळण आहे. गणपतीच्या कारखान्यांत शाडूच्या आणि प्लास्टरच्या मूर्ती शेजारी शेजारी उभ्या असतात. रंग तोच, डोळ्यांची आखणी तीच. परक्याला फरक कळत नाही. पण मी ज्यांच्याकडून मूर्ती घेतो ते न विचारता सांगतात, ही मातीची, ही पीओपीची, आणि भावही त्याप्रमाणे लावतात. न सांगून फार दिवस चालणारही नाही, विसर्जनाला सगळं उघडं पडतंच. माझ्या डेल्कोला विसर्जन नाही. तो मी मेल्यावरही कुणाला कळणार नाही.

व्हिंटेज गाड्यांसाठीच्या 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. इंजिन, चेसिस, बॉडीत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. इग्निशनबद्दल त्यात काही नाही, हे मी आवर्जून तपासलं. तपासताना किती बरं वाटत होतं! जणू आपल्याला विचारलेला प्रश्न कायद्यानं परस्पर सोडवला.

शेवटी असं ठरवलं, की डेल्को बसवायचा आणि आत काय आहे ते पितळेच्या पट्टीवर कोरून बॉनेटखाली लावायचं. जागाही पाहिली, बॅटरीच्या मागे. पट्टीचं माप घेताना लक्षात आलं, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाची नजर तिथे जातच नाही. आता कॉइलशेजारी लावावी म्हणतोय. भोकं अजून पाडलेली नाहीत.