कामामागची प्रेरणा : मजुरी, मान आणि निष्काम कर्म

माणूस काम कशासाठी करतो, हा प्रश्न उद्योगांच्या व्यवस्थापकांना पडतो आणि धर्मचिंतनाला तो त्यांच्या कितीतरी आधीपासून पडला आहे. व्यवस्थापक विचारतो, कामगाराने मन लावून काम करावे म्हणून त्याला काय द्यावे? गीता विचारते, कर्म करणाऱ्याने फळाशी कोणते नाते ठेवावे? पहिला प्रश्न देणाऱ्याच्या बाजूने विचारलेला आहे, दुसरा करणाऱ्याच्या. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लावले की अन्याय सुरू होतो.

उद्योगांनी या प्रश्नाची उत्तरे टप्प्याटप्प्याने शोधली. फ्रेडरिक टेलर यांनी 1911 मध्ये मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनात जितके काम तितका दाम हे सूत्र होते. अब्राहम मास्लो यांनी 1943 मध्ये गरजांची उतरंड सांगितली : आधी अन्न आणि निवारा, मग सुरक्षितता, आपुलकी, मान आणि शेवटी स्वतःतील सामर्थ्य फुलवण्याची ओढ. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये दाखवले की पगार आणि कामाच्या ठिकाणच्या सोयी अपुऱ्या असल्या तर माणूस नाराज होतो. पण त्या पुऱ्या पडल्या म्हणून कामात रमतोच असे नाही. रमण्यासाठी जबाबदारी, कामाची कदर आणि केलेल्या कामाचे समाधान लागते. जॉन स्टेसी ॲडम्स यांनी 1960 च्या दशकात न्यायाचा मुद्दा पुढे आणला : माणूस आपला मोबदला शेजाऱ्याच्या मोबदल्याशी ताडून पाहतो आणि तफावत दिसली की त्याचे मन कामातून उडते. एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना पैसे दिले गेले होते, त्यांचा कोड्यातला रस पैसे थांबताच घटलेला आढळला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर तालुक्यात हे सिद्धांत पारखून पाहायला कारखान्याची गरज नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटेच जंगलात शिरायचे, पाने तोडून घरी आणायची, घरातल्या सगळ्यांनी मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन रांगेत मांडायचे, असा दिवस असतो. तिथला हिशेबनीस म्हणजे मुन्शी पुडे मोजतो. बारकी, फाटकी पाने असलेले पुडे बाजूला काढतो. मजुरी शेकड्यावर ठरते. टेलर यांचे सूत्र इथे शब्दशः चालते. पुढे शासन स्वामित्वशुल्काच्या रकमेतून मजुरांना बोनस देते. सरकारी कागदांत त्याचे नाव प्रोत्साहनार्थ मजुरी असे आहे.

या बोनसची गरज खरी आहे, कारण पावसाळ्याच्या तोंडावर बियाणे आणि शाळेचा खर्च एकदमच उभा राहतो. पण फळीवर मजुराचे लक्ष दराइतकेच मोजणीवर असते. आपला पुडा नाकारला आणि शेजारणीचा तसाच पुडा घेतला, तर कमी पैशांपेक्षा तो दुजाभाव जास्त लागतो. ॲडम्स यांचा न्यायाचा मुद्दा तो हाच. सुरक्षिततेची गरज तर त्याहून निकडीची. तेंदू वेचताना वाघाच्या हल्ल्यात जीव गेल्याच्या घटना चंद्रपूर जिल्ह्यात वारंवार घडल्या आहेत. तिथे प्रोत्साहनाचा पहिला अर्थ संरक्षण हाच होतो.

धर्मविचार इथे दुसरी बाजू मांडतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्मावर अधिकार सांगितला आहे, फळावर नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिले आणि 1915 मध्ये ते प्रसिद्ध झाले. टेलर यांचा ग्रंथ आला तोही याच काळात. टेलर यांनी फळाला प्रेरणेचे केंद्र मानले. टिळकांनी कर्तव्य आणि लोकसंग्रह, म्हणजे समाजाचे हित, यांना. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे निष्काळजीपणे काम करणे नव्हे, हे टिळक आग्रहाने सांगतात. फळाच्या चिंतेतून मोकळे झालेले मन कामात पूर्णपणे उतरते.

या शिकवणीचा गैरवापर मात्र सोपा आहे. मालकाने मजुराला ‘फळाची आशा धरू नकोस’ असे सांगणे हा धर्म नव्हे. अनासक्ती ही करणाऱ्याने स्वतःहून पत्करायची साधना आहे; दुसऱ्याची मजुरी कापण्याचा तो आधार होऊ शकत नाही. शिवाय गीतेचा तिसरा अध्याय मालकालाही बांधतो. यज्ञात सगळ्यांचा वाटा देऊन उरलेले खाणारा पापातून सुटतो आणि केवळ स्वतःसाठी रांधणारा पापच खातो, असे तो सांगतो. मजुराला दुसऱ्या अध्यायाची आठवण करून देणाऱ्याने आधी तिसरा अध्याय स्वतःला लावून घ्यायला हवा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे चिंतन हीच गाठ सोडवते. चिमूर तालुक्यातील गोंदोडा ही त्यांची तपोभूमी. इंग्रज राजवटीविरुद्धच्या 16 ऑगस्ट 1942 च्या चिमूरच्या उठावामागे त्यांच्या भजनांनी जागवलेली मने होती आणि त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’त त्यांनी श्रमसंपत्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. श्रमाला ते पूजेच्या बरोबरीला नेतात आणि त्याच दमात, राबणाऱ्याला त्याच्या श्रमाचा वाटा मिळालाच पाहिजे, असेही बजावतात. श्रमाची थोरवी सांगायची तर श्रमिकाचा हक्क मान्य करावाच लागतो, हा त्यांचा रोख आहे.

शेजारच्या वरोऱ्यात बाबा आमटे यांनी 1949 मध्ये आनंदवनाची सुरुवात केली, तेव्हा कुष्ठरोग्यांना पहिली गरज दयेची आहे असे बहुतेकांना वाटत होते. बाबांनी त्यांच्या हाती काम दिले. खडकाळ जमीन त्यांनीच फोडली, विहीर त्यांनीच खोदली, पिके त्यांनीच काढली. समाजाने टाकलेल्या माणसाला आपल्या कष्टाचे अन्न खाताना जो मान मिळाला, तो कोणत्याही देणगीतून मिळाला नसता.

गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावचे उदाहरण त्याच्याही पुढचे आहे. 2012 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा स्वतः बांबूची तोड आणि विक्री करू लागली, कामाचे नियम स्वतः ठरवू लागली. पुढे तिने तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले, कारण चांगल्या पानांसाठी झाडे छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हाती येणारे उत्पन्न गावाने आपल्या निर्णयाने सोडले. बक्षिसावर उभ्या असलेल्या सिद्धांताला याचा उलगडा करता येत नाही. काम आणि त्याचे नियम स्वतःचे झाले की फळाचा लोभ आपोआप मागे पडतो, हे या निर्णयावरून दिसते.

यावरून कर्तव्यांचा क्रम लागतो. रास्त मजुरी, चोख मोजणी आणि जिवाची हमी हे मालकाचे आणि शासनाचे देणे आहे. त्याला प्रेरणेचे साधन म्हणणे म्हणजे देण्याला दान म्हणणे. त्यानंतर कामातला मान आणि निर्णयातला वाटा येतो आणि तोही देणाऱ्याच्याच हातात असतो. निष्काम कर्म त्याच्यापुढचे आहे आणि ते फक्त करणाऱ्याचे आहे. ते विकत घेता येत नाही, लादता येत नाही आणि कोणाकडून मागताही येत नाही. जो उद्योग पहिली दोन देणी बुडवतो, त्याला तिसऱ्याचा उपदेश करण्याचा अधिकार नाही.