जमा कुणाची, खर्च कुणाचा

निर्यातीचे रॉकेल पत्र्याच्या डब्यांत भरून ते डाख देऊन बंद करण्याचे काम चालले होते. जॉन डी. रॉकफेलर शेजारी उभे राहून पाहत होते. एका डब्याला डाखाचे ४० थेंब लागतात, हे कळल्यावर त्यांनी ३८ थेंबांत करून पाहायला सांगितले. काही डबे गळले. ३९ थेंब वापरले, तेव्हा एकही गळला नाही. मग ३९ हाच नियम ठरला, आणि त्या एका थेंबापायी पहिल्याच वर्षी २,५०० डॉलर वाचले. हा किस्सा रॉकफेलर स्वतः मोठ्या कौतुकाने सांगत.

१८७२ची गोष्ट मात्र ते इतक्या चवीने सांगत नसत. रेल्वे कंपन्यांशी त्यांचा एक गुप्त करार झाला होता. स्वतःच्या मालाच्या भाड्यात त्यांना सवलत मिळणार होतीच. शिवाय प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही काही भाग त्यांच्याच खिशात येणार होता! बातमी फुटली, गदारोळ उठला आणि करार बारगळला. पण तेवढ्यात, त्या धाकावर, क्लीव्हलँडमधल्या २६ तेलशुद्धीकरण कारखान्यांपैकी २२ त्यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने गिळले होते. पेनसिल्व्हेनियातले छोटे तेलउत्पादकही या कारस्थानात भरडले जाणार होते. त्यांच्यातल्याच एकाची मुलगी आयडा टारबेल. तिने १९०२पासून ‘मॅक्लूर्स’ मासिकात लेखमाला लिहून या कंपनीची लक्तरे वेशीवर टांगली.

रॉकेल स्वस्त झाले, गरिबाघरी दिवा लागला, हे खरे. शेजारच्या कारखानदाराचा गळा आवळला गेला, हेही खरे. अशा धनिकांना अमेरिकेत ‘रॉबर बॅरन’, म्हणजे लुटारू सरदार, म्हणतात. मॅथ्यू जोसेफसन यांनी १९३४मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, याच नावाचे पुस्तक लिहून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९४०मध्ये अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी रॉकफेलरचे चरित्र लिहून वकिली केली. तेव्हापासून दोन्ही बाजू एकच वही उघडून बसल्या आहेत: एका पानावर पापे, दुसऱ्यावर पुण्ये, तळाशी बेरीज. या हिशेबात एक मोठी गफलत आहे. खर्च ज्यांच्या खात्यावर पडला, ते आणि जमा ज्यांच्या पदरी पडली, ते लोक बहुतेक वेळा वेगळेच होते.

पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगी हे त्याचे ठळक उदाहरण. बाप स्कॉटलंडमधला विणकर. यंत्रमाग आले आणि हातमाग बसला. १८४८मध्ये कुटुंब अमेरिकेत आले, आणि पोरगा सूतगिरणीत आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर राबू लागला. कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी कामकरी मुलांना आपली पुस्तके वाचायला देत. ते ऋण कार्नेगी विसरले नाहीत. पुढे त्यांच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. पिट्सबर्गजवळच्या ब्रॅडकचे ग्रंथालय १८८९चे, अमेरिकेतले त्यांचे पहिले. त्याच्या तळघरात न्हाणीघर होते, कारण पोलादाच्या भट्टीवरून सुटलेला माणूस काजळीने माखलेला असे.

पण पाळी बारा तासांची. अंग धुऊन पुस्तक उघडायचे कधी?

१८९२मध्ये कार्नेगींच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरी कापायचे ठरले. संप करणाऱ्याची जागा दुसऱ्याने बळकावू नये, असे सहाच वर्षांपूर्वी छापून आणणारे कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. कारभार हेन्री फ्रिककडे. त्याने कारखान्याभोवती कुंपण घातले. कामगार त्या कारखान्याला ‘फोर्ट फ्रिक’ म्हणत. ६ जुलैला पहाटे पिंकर्टन या खासगी सुरक्षा एजन्सीचे सुमारे ३०० हत्यारबंद लोक मोनोंगाहेला नदीतून दोन पडावांत बसून आले. काठावर कामगारांबरोबर बायका-पोरेही जमली होती. गोळीबार दिवसभर चालला, दोन्हीकडचे मिळून किमान दहा जण गेले, आणि अखेर पिंकर्टनचे लोक शरण आले. ती जीत औट घटकेची ठरली. राज्याने आठ हजारांवर शिपाई धाडले आणि वर्षअखेरीपर्यंत कामगार संघटनेचे कंबरडे मोडले.

होमस्टेडलाही १८९८मध्ये ग्रंथालय मिळाले, पोहण्याचा तलाव आणि संगीतगृहासकट.

दानाची ही तऱ्हा कार्नेगींनी १८८९च्या ‘वेल्थ’ या लेखात आधीच मांडली होती. तोच पैसा थोडाथोडा करून अनेकांच्या हाती दिला, तर तो चैनीत उडून जाईल. म्हणून धनिकाने विश्वस्त व्हावे आणि लोकांच्या भल्याचे ते करावे. म्हणजे मजुराने आपल्या कमाईचे काय करायचे, हेही मालकच ठरवणार. ग्रंथालयांपेक्षा हा मुद्दा जास्त खुपतो. त्यांच्या उदारपणाबद्दल मात्र शंका घेण्याचे कारण नाही. मरेपर्यंत त्यांनी सुमारे ३५ कोटी डॉलर वाटून टाकले.

दानाची हीच तऱ्हा रॉकफेलर यांचीही. त्यांच्या रॉकफेलर फाउंडेशनला केंद्राची सनद द्यायला अमेरिकी काँग्रेसने नकार दिला, तेव्हा १९१३मध्ये ती न्यू यॉर्क राज्याकडून मिळवली गेली. पुढच्याच एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या लडलो येथे रॉकफेलर घराण्याच्या ताब्यातील कंपनीच्या संपकरी खाणकामगारांची तंबूवस्ती जाळली गेली. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली.

याच फाउंडेशनने १९५२मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सोबतीने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे केले, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था (एनआयव्ही). सिंधुदुर्गात ज्याला माकडताप म्हणतात, त्याचा विषाणू या केंद्राच्या संशोधकांनी १९५७मध्ये शोधला. दोडामार्गच्या काजूबागेत राबणाऱ्याला या शोधाचा उपयोग झाला, त्यात लडलोच्या विधवेला काय मिळाले? आणि तिला काही मिळाले नाही म्हणून पुण्याचे काम हलके ठरत नाही. दोन आकडे एकमेकांतून वजा करायची सोयच नाही.

होमस्टेडकरांना जे हवे होते, ते वेगळ्याच वाटेने आले. कार्नेगींनी १९०१मध्ये कारखाने विकले, त्यांतून यू. एस. स्टील ही कंपनी झाली. तिथे आठ तासांची पाळी १९२३मध्ये आली, तीही वर्तमानपत्रे, चर्च आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचा रेटा आल्यावर. कामगार संघटनेला मान्यता मिळायला १९३७ उजाडले.