दिलेले आयुष्य आणि घेतलेले आयुष्य

करमाळ्याच्या बाजूस एखाद्या मंडळीतील वृद्ध बहीण प्रभूमध्ये झोपी जाते, तेव्हा दफनविधीच्या वेळी बहुधा एकच साक्ष ऐकू येते. बाईने स्वतःसाठी काही ठेवले नाही. संसार, मंडळी व मुले यांसाठीच ती झिजली. ऐकणारे माना डोलवितात, डोळे पुसतात व घरोघर परततात. ही साक्ष खोटी असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, व तो आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो. जी जन्मभर दुसऱ्यांसाठी झिजली, तिने आपले आयुष्य दिले, की ते तिच्यापासून घेण्यात आले?

प्रथम ते आयुष्य कसे असते ते पाहू. भीमा व सीना या दोन नद्यांमध्ये हा तालुका वसला आहे. पण नद्या दोन असूनही मधला माळ कोरडाच. जी बहीण आज ऐंशीच्या घरात आहे, तिने 1972 चा दुष्काळ ऐन तारुण्यात पाहिला. त्या काळी सोलापूर जिल्ह्यातील बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडावयास बसल्या होत्या. पुढे 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले. पाणी आले खरे. परंतु भीमाकाठच्या कित्येक गावांची घरे व काळी जमीन त्या पाण्याखाली गेली. नव्या जागी तीन दगड मांडून चूल पुन्हा कोणी पेटविली, हे सांगावयास नको. अशा दिवसांतही उपासनेपूर्वी मंदिर झाडणे, सतरंजी अंथरणे, आलेल्या उपदेशकास भाकरी वाढणे व मुलांस प्रार्थना शिकविणे ही कामे चुकली नाहीत. ती कोणाच्या हातून होत होती, हे मंडळीच्या दप्तरात क्वचितच लिहिलेले सापडेल.

अशा आयुष्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, स्वार्थत्याग हाच सर्वांत श्रेष्ठ धर्म. तेव्हा बाई झिजली हेच तिचे भाग्य. दुसरा पक्ष म्हणतो, हे सारे दास्य. बाईचा जन्म फुकट गेला. आमच्या मते दोन्ही पक्ष घाई करितात. पहिला पक्ष देणाऱ्याच्या मनाकडे पाहत नाही, केवळ घेणाऱ्याच्या लाभाकडे पाहतो. दुसरा पक्ष जुलमाकडे पाहता पाहता त्या बाईचे प्रेमही जमेस धरीत नाही. दान तेच की जे न देण्याची मोकळीक असूनही दिले जाते. ज्याच्या हातातून पिशवी हिसकावून घेतली, त्यास आपण दाता म्हणत नाही.

या ठिकाणी आमच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म 1868 साली झाला. अकराव्या वर्षी लग्न; अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. लहानग्या मुलास घेऊन काही वर्षे त्या आप्तांच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या. पुढे पतीच्या घरी आल्यावरही त्यांनी लगेच धर्म बदलला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा विचार त्यांनी स्वतः केला, स्वतःच उत्तर काढले, आणि मग 1900 साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी अनाथ व परक्या मुलांस घरात घेतले, गरिबीत संसार ओढला, आणि 1919 साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' हाती घेऊन दहा अध्यायांच्या पुढे चौसष्ट अध्याय रचिले. आपली जीवनकथा 'स्मृतिचित्रे' त्या 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध करू लागल्या, व 1936 साली त्यांचे देहावसान झाले. त्यांचेही आयुष्य कुटुंब, मंडळी व मुले यांतच गेले. पण त्यांनी आधी 'नाही' म्हणून पाहिले होते. म्हणून त्यांच्या 'होय' या शब्दास वजन आहे.

यावर कोणी सुज्ञ वाचक विचारील की, आमच्या गावच्या बहिणीस 'नाही' म्हणण्याची सोय कधी होती? मग तिची सेवा दान नव्हे काय? ही शंका योग्य आहे व तिला टाळून चालणार नाही. आमचे उत्तर असे. घरच्यांसाठी भाकरी भाजणे तिला भागच होते. परंतु शेजारच्या उपाशी पोरासाठी आपल्या वाट्याची अर्धी भाकरी राखून ठेवावी, अशी सक्ती तिच्यावर कोणीच केली नव्हती. खडी फोडणे पोटासाठी होते. पण थकून आल्यावर आजारी सवंगडणीच्या उशाशी रात्र काढणे हे तिच्याच मनाचे होते. सक्तीच्या ओझ्याखालीही तिने जे अधिक केले, ते तिचे दान. आणि जे ओझे तिच्यावर लादले गेले, ते आमचे ऋण. दफनविधीच्या साक्षीत आम्ही हे ऋणही तिच्या दानाच्या खात्यात लिहून टाकितो व मोकळे होतो. खरा दोष येथे आहे.

यापो येथील दुर्कस मरण पावली, तेव्हा विधवा तिने शिवलेली वस्त्रे दाखवीत रडत उभ्या राहिल्या. तिला पुन्हा जिवंत करून त्यांच्या हाती देण्यात आले. आमच्या गावी तसे घडत नाही. आमच्या बहिणी गेल्या की गेल्या. म्हणून ऋण फेडणे असेल तर ते त्या जिवंत असतानाच फेडिले पाहिजे.

ते कसे? आम्ही साध्याच गोष्टी सांगतो. घरातील म्हातारी सर्वांच्या मागून उरलेसुरले खाते काय, हे आज रात्रीच पाहा. सातबाऱ्यावर तिचे किंवा लेकीचे नाव आहे काय, हे तलाठ्याकडे जाऊन पाहा. ज्या भारतीय उत्तराधिकार कायद्यान्वये आपल्या ख्रिस्ती कुटुंबांची वाटणी होते, तो 1925 सालचा आहे. मृत्युपत्र नसल्यास व मुलेबाळे असल्यास विधवेस एकतृतीयांश हिस्सा, आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांस सारखाच वाटा, असे तो सांगतो. कायदा होऊन शंभर वर्षे झाली. तरी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेताना 'ती प्रेमाने सोडते' असे आम्ही सहज म्हणतो. ती प्रेमाने सोडते की माहेर तुटेल या भीतीने, हे तिला एकांतात कोणी विचारिले आहे काय? मंदिर झाडणाऱ्या बाईस मंडळीच्या पंचांत बसावयास जागा आहे काय? आणि तिची हकीकत तिच्याच तोंडून ऐकून एखाद्या शाळकरी नातवाने वहीत उतरून घेतली आहे काय?

उपदेशक बंधूंनो, पुढच्या दफनविधीस आपण जेव्हा साक्ष द्यावयास उभे राहाल, तेव्हा झिजली हा शब्द उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबा. तिने काय दिले ते मोकळ्या मनाने सांगा, आणि आपण काय घेतले तेही सांगा. तसे बोलण्याचे धैर्य होत नसेल, तर मंडळीत आज ज्या वृद्ध बहिणी हयात आहेत त्यांच्या दारी आधी जाऊन या.