दीड तासावरचं घर

पुण्याहून नागपूर किती लांब आहे? सरळ हवाई रेषेत मोजलं तर साधारण ६०० किलोमीटर. रस्त्याने ७०० च्या वर. रेल्वे दौंड-मनमाडकडून वळसा घेते, त्यामुळे तिने जवळपास ९००.

इंजिनिअरिंगसाठी पुण्यात आलो तेव्हा नागपूर म्हणजे रेल्वेतली अख्खी रात्र होती. सुट्टी लागली की जायचो, आणि गेलो की आठ-दहा दिवस राहायचो. नोकरी लागल्यावर विमान परवडायला लागलं. तिकिटावरची वेळ दीड तास. गंमत म्हणजे तेव्हापासून माझं घरी जाणं कमी झालं. दीड तास म्हणजे 'कधीही जाता येईल'. आणि जे कधीही जमण्यासारखं असतं, ते याच शनिवारी करायची घाई नसते.

मागच्या पावसाळ्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. चिडून फोन केला, तर म्हणाले, "अरे, तुझं रिलीज सुरू होतं ना. अन् छोटंसंच तर होतं. तू कधी येऊन राहिला ते सांग." शेजारचे काका त्यांना घेऊन गेले होते. मी लगेच यूपीआयने पैसे पाठवले. दोन सेकंदांत पोचले.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ च्या एका निबंधात मांडलं होतं की, संकटातला माणूस शेजारी आहे की हजारो मैलांवर, याने आपलं नैतिक कर्तव्य बदलत नाही. संदर्भ पूर्व बंगालच्या निर्वासितांचा होता. मला हे पटतं. पण हे पाठवता येणाऱ्या मदतीबद्दल आहे. पैसे पाठवता येतात. डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाचा जिना उतरताना हात धरायचा, तर कुणीतरी तिथे असावंच लागतं.

मग अंतर नीट मोजू. तिकिटावरची वेळ म्हणजे विमान एका विमानतळावर जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतची. हिंजवडी ते लोहगावचं ट्रॅफिक, सिक्युरिटीची रांग आणि सोनेगावहून घर धरलं, तर दारापासून दारापर्यंत पाच तास. दीड तासापेक्षा बरेच जास्त, पण तरी एका सकाळीत मावणारे.

पूर्वी 'लांब पडतं' हे खरं कारण होतं. त्याच्या आड नाइलाज आहे की आळस, हे कुणी तपासत नसे. विमानाने ती सोय काढून घेतली. कांटच्या म्हणण्यानुसार, एखादी गोष्ट 'करायला हवी' असेल तर ती आधी करता यायला हवी. याचं उलट मात्र खरं नाही. जाता येतं म्हणून दर शनिवारी जायलाच हवं, असं मी मानत नाही. मलाही इथे एक आयुष्य आहे. पण न जाण्याला आता अंतर म्हणता येणार नाही. तो माझा निर्णय असतो, आणि तो मला माझ्या तोंडाने सांगता आला पाहिजे: 'बाबा, या वेळी मी काम निवडलं.' हे वाक्य मनात म्हणून पाहिलं. रिलीजच्या त्या आठवड्यात मी ते म्हणू शकलो नसतो. बाबांनी मला न सांगून ते म्हणायची वेळच येऊ दिली नाही.

त्यांचा दुसरा डोळा राहिलाय. तारखेसाठी या वेळी मीच फोन केला. अजून ठरलेली नाही. ठरली की लगेच तिकीट काढेन, असं आत्ता लिहिलं, आणि त्यालाही 'कधीही जाता येईल'चाच वास येतोय.