डागाळलेली केळी

थंड देशांत उन्हाळ्यात पीच पिकले की फोडींवर पीठ, लोणी व साखरेचा भुगा पसरून घरोघरी भाजतात. वरणगावात पीच कुठले? येथे केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तरी साल काळी पडताच गिऱ्हाईक पाठ फिरवते. वास्तविक तेव्हाच पिष्टाची साखर होऊन फळ अधिक गोड झालेले असते.

वैशाखात घरचा घड एकदम पिकला. काळवंडलेल्या केळ्यांवर कणीक, तूप व गुळाचा भुगा घालून मी ती भाजली आणि शेजारी वाटीभर पाठवली. शेजारच्या मुलाने विचारले, "फादर, केळी चांगली असती तर पाठवली असती का?"

अन्न वाया न घालवणे हा सद्गुण खराच. पण त्याला दान म्हणावे काय? मला उत्तर सुचले नाही. संध्याकाळी बाजारातून पिवळीधमक फणी आणली. त्यांच्या दारी पोहोचेपर्यंत तीतली दोन केळी मी खाल्ली होती.