शिक्षिका रमाबाई : श्रद्धा आणि दिनक्रम

ख्रिस्ती झाल्यावर पंडिता रमाबाईंनी पत्करलेले पहिले काम शिक्षिकेचे होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये संस्कृत शिकवू लागल्या. १८८४ ते १८८६ ही चेल्टनहॅमची वर्षे आणि १८८९ ते १८९३ ही शारदा सदनाची सुरुवातीची वर्षे मिळून त्यांच्या तरुणपणातील शिक्षकी पेशाचा काळ होतो. रमाबाईंच्या धर्मांतराची आपल्याकडील चर्चा बहुधा बाप्तिस्म्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. कसोटीचे प्रश्न मात्र नंतर उभे राहिले. ताटात काय घ्यायचे, वर्गात कोणाला शिकवायचे, प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावायचे की नाही, असे ते रोजचे प्रश्न होते.

शिकवणे रमाबाईंच्या घरातच होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माऊलीने ते मुलीच्या तोंडी दिले. गावोगाव पुराणे सांगत फिरणाऱ्या या कुटुंबाची दुष्काळात वाताहत झाली. आईवडील आणि थोरली बहीण गेल्यावर रमाबाई भावासह १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या सुरुवातीला पती कॉलऱ्याने गेले. त्यानंतर त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढची साक्ष आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक ही सगळी त्या एकाच वर्षातली कामे. साक्षीत त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हवेत, असे आग्रहाने सांगितले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणूनच त्या इंग्लंडला गेल्या होत्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला आणि शिक्षिकेचा उरला. चेल्टनहॅमची नोकरी ही अशी दुसऱ्या पसंतीची होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील १८५८ पासून त्या पदावर होत्या. इंग्लंडमधील मुलींच्या शिक्षणात त्यांचा शब्द मानला जाई. त्यांच्या संस्थेत रमाबाई एकाच वेळी शिक्षिका आणि विद्यार्थिनी होत्या. संस्कृत शिकवायचे आणि इंग्रजी, गणित वगैरे विषय शिकायचे, असा त्यांचा दिवस जाई. धर्मशिक्षणाची जबाबदारी वाँटेजच्या सेंट मेरी संघातील सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. रमाबाईंच्या त्या आध्यात्मिक माता मानल्या जात. छोटी मनोरमाही काही काळ वाँटेजला जोगिणींच्या देखरेखीखाली होती. रमाबाई, जेराल्डिन आणि बील यांच्यातला पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका तरुण शिक्षिकेच्या रोजच्या जगण्यात श्रद्धा कुठे कुठे अडते आणि कशी वाट काढते, हे त्यात तपशीलवार दिसते.

पहिली अडचण जेवणाची होती. रमाबाई मांस खात नसत आणि अंडे घातलेले पदार्थही टाळत. जेराल्डिनबाईंना त्यात जुन्या जातीचा ताठा दिसे. बाप्तिस्मा झाल्यावर हे कशाला, असा त्यांचा सूर होता. ख्रिस्ताला मानण्यासाठी गोमांस खावे लागते असे कुठे लिहिले आहे, या धर्तीचे रमाबाईंचे उत्तर होते. वाद वरवर क्षुल्लक वाटतो. पण पौलाच्या करिंथकरांस पत्रात अन्नाविषयी नेमकी हीच चर्चा सापडते. अन्नाने माणूस देवाजवळ जात नाही की दूरही होत नाही. पाहायचे ते एवढेच, की आपल्या खाण्याने दुसऱ्याची सदसद्विवेकबुद्धी दुखावू नये. रमाबाईंचा हिशेबही काहीसा तसाच होता. ज्या स्त्रियांत पुढे काम करायचे, त्यांच्या पंक्तीला बसण्याचा हक्क एका पुडिंगपायी का गमवावा?

दुसरा प्रसंग गळ्यातल्या क्रूसाचा. त्यावर लॅटिन अक्षरे कोरावीत, असे वाँटेजला वाटत होते. आपल्याला न कळणारी भाषा आपल्या प्राचीन संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, असा प्रश्न रमाबाईंनी केला आणि संस्कृतचा आग्रह धरला. दिवसभर संस्कृतचे धडे देणाऱ्या शिक्षिकेने दुसरे काही म्हटले असते तरच नवल.

तिसरा प्रसंग सर्वांत गंभीर ठरला. पुरुष विद्यार्थ्यांनाही रमाबाईंनी शिकवावे, अशी शक्यता पुढे आली तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात हे कळले तर तेथील कुलीन स्त्रियांमधला त्यांचा प्रभाव संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्या चालीरीतींवर पाद्री मंडळी एरवी टीका करीत, त्याच पाळायला एका ख्रिस्ती स्त्रीला सांगितले जात होते. रमाबाई संतापल्या. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत त्यांनी पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे भाषणे केली होती, आणि आता स्वतंत्र म्हणवणाऱ्या देशात त्यांना पडद्याचे शहाणपण शिकवले जात होते. आपल्याला स्वतःची बुद्धी आणि विवेक आहे, देवाने दिलेल्या त्या बुद्धीने निर्णय घेण्याचा हक्क आपण कोणाच्याही हाती देणार नाही, असे त्यांनी जेराल्डिनबाईंना स्पष्ट कळवले. बील यांनी या साऱ्यात हुकूम सोडण्यापेक्षा युक्तिवाद करणे पसंत केले. एका शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेशी बोलावे तशी त्यांची पत्रे आहेत.

वाद पुढे सिद्धान्तांपर्यंत गेला. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार या प्रश्नांवर रमाबाई पानेच्या पाने लिहीत. कोणत्या पंथाच्या आहात, असे विचारले तर सरळ उत्तर देणे त्यांना कठीण जाई. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट हे भेद हिंदू समाजातल्या भेदांइतकेच त्यांना खटकत. जेराल्डिनबाईंना खलनायिका ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. एका परक्या मुलुखातून आलेल्या विधवेचा आणि तिच्या मुलीचा भार त्यांच्या संघाने उचलला होता. पण उपकाराच्या छायेत वाढणारी आज्ञाधारकता रमाबाईंना नको होती. इकडे महाराष्ट्रात त्यांच्या धर्मांतरावर टीकेची झोड उठली असताना जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली. तिकडे चर्चला रमाबाई पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या आणि इकडे पुण्याला त्या फारच ख्रिस्ती झाल्या होत्या!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच राहिल्या. तेथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण त्यांनी घेतले. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले. अट एकच होती : शाळेत कोणत्याही पंथाचा प्रचार होणार नाही. देणगीदारांत निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक असल्यामुळे ही तटस्थता त्यांनाही सोयीची होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, आणि सदनातले दिवस त्यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात सांगितले. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार म्हणून लाभल्याने सनातनी घरांतूनही मुली येऊ लागल्या. सोवळेओवळे, उपासतापास, पूजा यांना मोकळीक होती. स्वयंपाकाची व्यवस्था जात जाणार नाही अशी ठेवलेली होती. चेल्टनहॅमला जपलेला शाकाहार इथे कामी आला. ज्या स्त्रियांना चूल, बोडके डोके आणि शिव्या यांपलीकडे काही पाहायला मिळाले नव्हते, त्या येथे अक्षरे गिरवू लागल्या. धर्माविषयी शिक्षिका वर्गात चकार शब्द काढीत नसे.

वर्गाबाहेर मात्र प्रश्न होता. रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या उघडे ठेवत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. आपण कोणाला बोलावत नाही, पण आलेल्याला हाकलणारही नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. पालकांच्या संमतीशिवाय मुलींनी प्रार्थनेला बसू नये, असे सल्लागारांचे म्हणणे होते. ‘केसरी’ने सदनावर हल्ला चढवला आणि हे विधवाश्रमाच्या नावाखाली चालणारे मिशन असल्याचा आरोप वाढत गेला.

या वादात दोन्ही बाजूंनी भाबडेपणाचा आव आणलेला दिसतो. दार उघडे ठेवणे हा धर्मप्रसार नव्हे, हे कायद्याच्या भाषेत खरे. पण ज्या बाईने अंधारातून बाहेर काढले, अंगावर घेऊन रात्री जागवल्या, तिच्या खोलीतले सूर बारा-पंधरा वर्षांच्या मुलीला नुसते सूर वाटत नसतात. शिक्षकाचे वजन त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या वागण्यातून अधिक पडते, आणि रमाबाईंना ते ठाऊक नसेल असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. उलट, टीकाकारांनाही मुलींच्या विवेकाची काळजी होती असे म्हणवत नाही. त्याच मुलींचे केशवपन होताना त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती. खरी मेख संस्थेच्या स्वरूपात होती. दिवसाच्या शाळेतला शिक्षक संध्याकाळी घरी जातो आणि त्याची पूजाअर्चा तिथे खासगी राहते. शारदा सदन हे वसतिगृह होते. शिक्षिकेचे घर आणि विद्यार्थिनींचे घर एकाच छपराखाली असल्यावर खासगी असे काही उरत नाही. दार लावले असते तर आपल्या श्रद्धेची लाज वाटते असा अर्थ निघाला असता, आणि उघडे ठेवले तर हा गहजब झाला.

चेल्टनहॅमचा वाद इथे उलटून समोर आला होता. तिथे सत्ता इतरांच्या हाती होती आणि रमाबाई विवेकाचे स्वातंत्र्य मागत होत्या. पुण्यात त्या स्वतःच पालक, व्यवस्थापक आणि शिक्षिका होत्या. माझ्यावर कोणाची सक्ती नको आणि माझी कोणावर नको, हे तत्त्व त्यांनी दोन्हीकडे सारखेच लावले. दुबळ्याच्या हातात ते ढालीसारखे उपयोगी पडते. मोठ्याच्या हातात तेवढे पुरत नाही, कारण सक्ती न करताही त्याच्या इच्छेची दखल घेतली जाते.

याच काळात त्यांच्या मनातही मोठा बदल झाला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र १८९१ च्या सुमारास सापडला. तोवरची श्रद्धा बरीचशी बुद्धीने पटवून घेतलेली होती; आता ती वैयक्तिक झाली. नियम तेच राहिले, पण प्रार्थनेतली ऊब वाढली असणार आणि आसपासच्या मुलींना ती जाणवली असणार, हे उघड आहे. १८९३ मध्ये वाद विकोपाला गेल्याचे हेही एक कारण मानावे लागते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी संबंध तोडला आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. त्याच वर्षी, ११ मार्चला, गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला होता. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एकीला मिळालेले ते फळ धर्मांतराचे नव्हते, याची नोंद मात्र भांडणाच्या धुरळ्यात फारशी कोणी घेतली नाही. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. ख्रिस्ती छायेबाहेर विधवांची सोय करण्याचा पुणेकरांचा तो मार्ग होता, आणि शारदा सदनाचा अनुभव त्यामागे होता.

सदन बंद पडले नाही, पण त्याचे स्वरूप बदलले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो अनाथ मुली आणि विधवा घेऊन आल्या. त्यांची व्यवस्था पुण्याजवळ केडगावला झाली आणि तेथे ‘मुक्ती’ उभे राहिले. १८९८ मध्ये बॉस्टनच्या असोसिएशनशी झालेला दहा वर्षांचा करार संपला आणि त्याबरोबर तटस्थतेचे बंधनही संपले. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. संस्थेचा धर्म कोणापासून लपलेला नव्हता, म्हणून प्रार्थनेच्या दाराचा वाद तेथे पुन्हा उद्भवला नाही. वर्गांबरोबर विणकाम, शेती आणि छपाई अशी कामे मुली शिकत. रमाबाईंनी तेथे बसून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.