सशांचे बिऱ्हाड

वाचकहो, सशांविषयी या पानांत काय लिहावयाचे, असे कोणी म्हणेल. आम्हांसही तसेच वाटत होते. पण गेले वर्षभर या मुक्या जिवांनी आमच्या घरात जो प्रश्न उभा केला तो काही केल्या सुटेना, म्हणून आपणांपुढे ठेवतो.

झाले असे, की नातवाने हट्ट धरला आणि आम्ही आठवडी बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी आणली. एकटा जीव कंटाळतो म्हणून जोडी, असे लोकांना सांगितले. पण खरे म्हणजे पिल्ले पाहण्याची हौस आम्हां थोरांनाच अधिक. परड्यात जाळीचे खुराडे केले. हरळी, लसूणघास, कोबीचा पाला सुरू झाला. सशिणीचे गाभणपण अवघे ३१ दिवसांचे, हेदेखील आम्हांस ठाऊक नव्हते.

एके दिवशी सूनबाई धावत आल्या, "मामा, सशीण आपलेच केस उपटतेय! दुखणं झालंय वाटतं." दुखणे कसले! ती पोटाची लोकर काढून पिल्लांसाठी अंथरूण करीत होती. तिला एखादी पेटी द्यावी हे कोणाला सुचले नाही. रात्री ती जाळीवरच व्याली. पाच पिल्ले, बोटाएवढी, उघडीनागडी, डोळे मिटलेली. त्यांतली दोन फटीतून खाली पडून गारठून गेली होती.

उरलेली तीन खोक्यात ठेवली. आई दिवसभर कोपऱ्यात बसून. पिल्लांकडे ढुंकून पाहीना. "काय ही निर्दय आई!" असे घरात सर्वजण म्हणाले, आम्हीही म्हणालो. मग कापसाच्या बोळ्याने दूध पाजण्याचा उद्योग आरंभला. ते दूध श्वासात जाऊन आणखी एक पिल्लू गेले. शेवटी गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, "अहो, सशीण दिवसाकाठी एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही तीन-चार मिनिटं. जवळ बसून राहिली तर शत्रूला बिळाचा पत्ता लागेल. लांब राहणं हीच तिची माया." पिल्लांची पोटे पाहिली तर टम्म फुगलेली! तिने रात्रीच आपले काम उरकले होते. मारली ती आमच्या दयेने. दयेलाही माहिती लागते हो. नुसता कळवळा पुरत नाही.

दहा-बारा दिवसांत दोघांचे डोळे उघडले आणि घर आनंदले. त्या आनंदात नराला वेगळा करावयाचे राहून गेले. सशिणीला ऋतू असा नाही. नराशी संग झाला की बीज सुटते आणि व्याली त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते. महिन्याने सात पिल्ले झाली. या खेपेला पेटी होती, सातही जगली. अकरा ससे!

पुढे एक गृहस्थ आले आणि वजनावर भाव बोलू लागले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तुळशीची माळ. वजन म्हटल्यावर समजायचे ते समजलो आणि त्यांना चार शब्द सुनावले. गृहस्थ रागावले नाहीत. पायरीवरून उठता उठता म्हणाले, "बुवा, गेल्या साली तुमच्या म्हशीचा टोणगा कोणी नेला, कुठं नेला, विचारलं होतं का?"

आम्ही विचारले नव्हते. दूध आमच्या घरी राहिले, टोणगा दावणीतून गेला, पैसे फडताळात पडले. रेड्याच्या मुखातून वेद वदवले ही माउलींची कथा आम्ही भक्तिभावाने सांगतो, आळ्याला त्या रेड्याच्या समाधीवर डोके ठेवतो. आणि आमच्याच गोठ्यातला टोणगा?

त्या रात्री झोप लागली नाही. मारणारा निराळा, खाणारा निराळा, ज्याचे त्याचे पाप त्याला, असा हिशेब लोक करतात. आम्हीही करीत आलो. पण सशांच्या बाबतीत तो जुळेना. रानात कोल्हा आहे, घार आहे, दुष्काळ आहे. ते सशांची संख्या आवरतात. आम्ही खुराडे बांधून कोल्ह्याला बाहेर ठेवले आणि त्याच्या कामाचा विचार केला नाही. ते काम आता कोणी करावयाचे? आम्ही नाही म्हटले तर दुसरा कोणी करील, आणि आम्ही हात धुऊन मोकळे!

शेजारी म्हणाले, माळावर सोडा. पण माळावरचा ससा वेगळा. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्या गवतातच जन्मतात. हे पांढरे मूळचे युरोपाकडचे, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. पहिल्याच रात्री कुत्री फाडतील. आणि जगले तरी काय होते ते ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी विलायतेहून आणलेले सुमारे दोन डझन ससे व्हिक्टोरियात सोडले. पुढे त्यांनी कुरणे फस्त केली. पश्चिमेकडे १९०७ पर्यंत १८०० किलोमीटरांहून लांब कुंपण घालून झाले, तरी ते आवरेनात. अखेर १९५० साली सरकारने मुद्दाम सशांत रोग सोडला. डोळे सुजून, आंधळे होऊन कोट्यवधी ससे मेले. हौस एकाची, आणि भोगले कोणी? ऑस्टिनची हौस बंदुकीची, आमची मायेची. आमची बरी असे म्हणावयास जीभ रेटत नाही.

आता डॉक्टरांकडून पारख करून नर आणि माद्या वेगळ्या केल्या आहेत. नर एकमेकांत भांडतात म्हणून त्यांचेही कप्पे निराळे. अकराही घरीच राहतील, पाला आम्ही आणू. ही तोड आहे, पण चांगली म्हणवत नाही. जुना नर रोज तिन्हीसांजेला मधल्या जाळीला नाक लावून बसतो. नातू विचारतो, "आजोबा, तो काय मागतो?" आम्ही त्याला पाल्याची टोपली उचलायला सांगतो.

परवा म्हैस व्याली. पुन्हा टोणगाच. वैरण महाग आहे. व्यापारी दोनदा येऊन गेला. टोणगा अजून दावणीला आहे.